समुद्राजवळ, स्वयंपाकघरासह

"चहा ठेवलास का गं?" भिंतीपलीकडून आवाज आला आणि पाठोपाठ काठी आपटल्याचा.

मावशी दारातच थबकली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बोटीतून उतरताना भिजलेल्या चपला. घरात पाऊल टाकून मिनिटही झालं नव्हतं. घर रिकामं आहे, आठ दिवस आपलंच, असं तिला सांगण्यात आलं होतं. सांगणारा, म्हणजे तिचा नवरा, मागच्या खिडकीची कडी काढण्यात गुंतला होता. दोन घरांच्या भिंतींमधून टॉवेलाएवढी निळी पट्टी दिसत होती.

"बघ, समुद्र!" तो म्हणाला. "जाहिरातीत लिहिलंय तसाच."

"अहो, भिंतीपलीकडे कुणीतरी आहे. चहा मागतंय."

"हां, ती होय. मालकिणीची सासू. मागच्या खोलीत असते. तिचा काही त्रास नाही."

"पण चहा कुणाकडे मागतेय?"

यावर तो पुन्हा समुद्राकडे बघायला लागला. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कुठल्या प्रश्नाकडे पाठ करायची हे पक्कं ठाऊक असतं.

या गृहस्थाला ऑफिसात सगळे कोटेशन म्हणत. पाणीखात्याच्या खरेदी विभागात तो चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. नळाचा वायसर असो की पन्नास झाडू, तीन कोटेशनं मागवायची, सर्वांत कमी दराचं मंजूर करायचं, त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्या नळांतून लोकांना पाणी किती मिळालं हे लोकांना विचारावं. निवृत्तीनंतर त्याने ही विद्या घरात आणली. दातांचा डॉक्टर तीन कोटेशनांतून निवडला आणि पुढे वर्षभर एकाच बाजूने जेवला. लग्नासाठी मुलीसुद्धा त्याने तीनच पाहिल्या होत्या. त्यात हिच्याकडून सर्वांत कमी खर्च निघाला, हे तो चारचौघांत विनोद म्हणून सांगायचा. पाहुणे हसायचे, कारण चहा यायचा असायचा, आणि तो मावशी आत करत असायची.

मावशी हे काही तिचं घरातलं नाव नव्हे. मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये ती सत्तावीस वर्षं स्वयंपाकीण होती आणि एकशे चाळीस मुली तिला याच नावाने हाका मारायच्या. पुढे गल्ली, दुकानदार, पोस्टमन सगळेच तेच म्हणू लागले. पहाटे चारला उठून घरचं करायचं, सहाला मेस गाठायची, संध्याकाळची भांडी पालथी घालून घरी यायचं आणि परत घरचं करायचं. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा होत्या. कुठली कोणत्या साली झाली तेही तिला सांगता आलं असतं, पण कुणी विचारलं नव्हतं. गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली, तेव्हा रेक्टरबाईंनी भाषण केलं, मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि तिला भेट म्हणून प्रेशर कुकर दिला. सत्तावीस वर्षं चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईला कुकर! देताना रेक्टरबाईंचे डोळे भरून आले होते म्हणे.

तो कुकर घरी आणून मावशीने खोक्यासकट माळ्यावर टाकला आणि कोटेशनला सांगितलं, "मला आठ दिवस कुठेतरी समुद्राकाठी जायचंय. ताट माझ्यासमोर आलं पाहिजे. कुणी केलं, कसं केलं, मी बघणार नाही. मी उठणार नाही."

उभ्या जन्मात तिने मागितलेली ही एकच गोष्ट. कोटेशन खूश झाला. बायकोची इच्छा पुरी करायला मिळणार म्हणून नव्हे, तर चौकशी करायला मिळणार म्हणून. तीन आठवडे तो फोनला चिकटून होता. या बेटावर पहिलं कोटेशन आलं एका हॉटेलचं, सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं धरून. दुसरं होतं एका घराचं, तिथे स्वयंपाकाला बाई येणार होती. तिसरं, 'समुद्राजवळ, स्वयंपाकघरासह', दुसऱ्याच्या निम्म्यात. लाल रेघ कुठे पडली हे सांगायला नको. मावशीच्या कानावर एवढंच आलं की रिकामं घर मिळालं. मग भाडं वाटलं जावं म्हणून त्याने आपल्या बहिणीला आणि तिच्या यजमानांनाही बोलावून घेतलं.

ती नणंद आता पंख्याखाली बसून टोपीने वारा घेत होती. खास या प्रवासासाठी तिने दोन टोप्या घेतल्या होत्या. शेजारी यजमान डोळे मिटून बसले होते. हा निवृत्त हिशेब तपासनीस दिवसाकाठी चार-पाच वाक्यं बोलायचा आणि त्यातली तीन मिठाविषयी असायची.

"वहिनी, चहा टाकताय तर आमचाही टाका हं," नणंद म्हणाली. "बोटीने डोकं धरलंय."

"मी टाकतेय असं कोण म्हणालं?"

आता कोटेशनला खिडकी सोडावी लागली. "अगं, ती मालकीण गेलीय बाहेरगावी. आठवडाभर त्या म्हातारीला सकाळचा चहा आणि दोन वेळचं जेवण आपण द्यायचं. अट आहे तशी. सहावी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे? वाचून सही केलीय. अगं, म्हणून तर निम्मं भाडं! एका ताटात निम्मं भाडं वाचतंय, सांग बघू कुणाला जमलं असतं?"

"आणि ते ताट करणार कोण?"

"करणार म्हणजे? आपलं चौघांचं होणारच ना? त्यात एक जास्त."

"आपलं चौघांचं?"

"जाहिरातीत स्वयंपाकघरासह म्हटलंय ना? मग ते काय नुसतं बघायला घेतलं?" आणि बहिणीकडे बघून तो हसला. बहीणही हसली. यजमानांनी डोळे न उघडता मान हलवली.

मावशीला रडू आलं नाही. किळस आली. आधी त्याची आली. आपण जगातल्या एकुलत्या एका हुशार माणसाच्या घरात राहतो असा त्याच्या तोंडावरचा भाव बघून. मग स्वतःची आली, कारण बोलता बोलता तिने बॅग खाली ठेवली होती, आत गेली होती आणि परक्या स्वयंपाकघरात तिच्या हाताला चहाचा डबा पहिल्याच झटक्यात सापडला होता.

सोमवार असा गेला. मंगळवारी सकाळी तिघे समुद्रावर गेले आणि भुका घेऊन परत आले. समुद्राच्या हवेने भूक कशी लागते यावर नणंद जेवताना बोलत राहिली. यजमान म्हणाले, मीठ बेताचंच आहे. कोटेशनने तिसऱ्यांदा भात घेतला आणि हॉटेलात राहिलेल्या लोकांची कीव केली. "त्यांना मोजून मिळतं," तो म्हणाला. "शिवाय ज्याचं त्याचं ताट उचलायला माणूस. उगाच पैसे मोजायचे लोकांच्या हमालीचे." हे म्हणत त्याने स्वतःचं ताट बोटाने मावशीकडे सरकवलं. आपण काय बोललो हे त्याला कळलं नाही. कळण्याची सवय त्याला नव्हती.

"तू पण ये की संध्याकाळी," तो वर म्हणाला. "आलीयेस तर समुद्र बघून घे."

भांडी झाल्यावर मावशी ताट घेऊन मागच्या खोलीत गेली. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि भिंतीला टेकवलेली काठी. म्हातारी पंच्याऐंशीच्या पुढची असेल. पाय गेले होते, जीभ शाबूत होती. तिने भाताचं एक शीत बोटांत दाबून बघितलं. मावशी चमकली. ती स्वतः असंच बघायची.

"बरा आहे," म्हातारी म्हणाली. "मागच्या खेपेच्या बाईचा नुसता गिचका व्हायचा. त्याच्या आधीचीला काही येतच नव्हतं, पण रडायची छान."

"दरवर्षी येतात का लोक?"

"येतात तर. दरवर्षी एक शहाणा येतो. खिशात अटींचा कागद, तोंडावर हसू, आपण मालकिणीला कसं गंडवलं म्हणून. आणि त्याच्यामागून एक बाई, हातात बॅग घेऊन. मी खिडकीतून बघतच असते. चालण्यावरूनच कळतं मला, हिला काही सांगितलेलं नाही."

मावशी खुर्चीवर टेकली. "आणि सूनबाई कुठे गेल्यात?"

"सुट्टीला. हॉटेलात राहते. ताट खोलीत येतं म्हणे." म्हातारीने पुढचा घास घेतला. "घर कुठे भाड्याने देते ती? मला देते."

"राग नाही येत तुम्हाला, आजी?"

"तिचा? छे! ती हुशार आहे. मी चाळीस वर्षं त्याच ओट्यापाशी उभी होते, मला नाही सुचलं." जेवता जेवता तिने मावशीच्या हातावरच्या खुणा बघितल्या. "तू घरात भाजलेली नाहीस. एवढं मोठं पातेलं घरात नसतं."

"मेसमध्ये होते. सत्तावीस वर्षं. गेल्या महिन्यात सुटले."

"सुटलीस?" म्हातारी एवढ्या जोरात हसली की तिला ठसका लागला. मावशीने पाणी दिलं. ते पिऊन, तोंड पुसून म्हातारी म्हणाली, "तो कागद वाचलास का तू?"

"नाही. कागद ते वाचतात."

"वाच. सुनेने माझ्याच समोर लिहिलाय. फार विचार करून लिहिते ती."

संध्याकाळी कोटेशन आंघोळीला गेला तेव्हा मावशीने त्याची फाइल उघडली. सुट्टीला येतानाही त्याने फाइल आणली होती. कागद एकच होता, अटी अकरा. पाणी जपून वापरा, वाळू घरात आणू नका वगैरे. सहावीखाली लाल रेघ होती: मागच्या खोलीतील वृद्ध स्त्रीस सकाळचा चहा व दोन वेळचे ताजे जेवण द्यावे. तिने कागद दोनदा वाचला, मागची बाजू उलटून पाहिली. मग घडी घालून कमरेला खोचला.

बुधवारी ती सातला उठली. सातला! बाहेर एवढं ऊन असतं हे तिला नवीनच होतं. तिने एक कप चहा केला आणि मागच्या खोलीत नेऊन दिला. नणंदेने आतून विचारलं, "वहिनी, आमचा?" तिने ऐकलं नाही असं केलं, आणि नणंदेलाही समुद्राची घाई होती. धक्क्यावर पिऊ म्हणत तिघे बाहेर पडले.

मग ती एकाच माणसाचा स्वयंपाक करायला बसली आणि अडली. हाताला तेवढं माप माहीतच नव्हतं. तिने तांदळाची ओंजळ भरली, अर्धी परत टाकली, तरी जास्त वाटली. शेवटी म्हातारीचीच वाटी आणून मोजले. थोडी भाजी चिरली, बेताचं तेल, बोटभर पाणी. एवढ्याशा पातेलीत काही शिजतंय यावर तिचा विश्वास बसेना. ती सारखी झाकण उचलून बघत होती. म्हातारीला तिने गरम गरम वाढलं, समोर बसून जेवू घातलं, भांडी धुतली, शेगडी पुसली, साडी बदलली आणि कागद पुन्हा कमरेला खोचला.

दीडला तिघे आले. केस ओले, नाकं लाल. हातपाय धुऊन टेबलाशी बसले. कोटेशनने ताट स्वतःपुढे ओढून घेतलं आणि वाट बघू लागला. वाट बघण्यात तो तरबेज होता.

"आण गं."

"काय?"

"काय म्हणजे? जेवण."

"जेवण झालं. आजी जेवल्या."

"त्या जेवल्या, छान झालं. आता आमचं?"

मावशीने कमरेचा कागद काढला आणि त्याच्या रिकाम्या ताटात ठेवला. "यात तेवढंच आहे. रेघ तुमचीच आहे."

त्याने कागद बघितला, तिच्याकडे बघितलं, परत कागद बघितला. "अगं, हे त्या म्हातारीचं आहे. आपलं काय, आपलं गृहीतच असतं."

"गृहीत? ठेकेदाराने कधी म्हटलं की साहेब, हे गृहीत होतं, तर तुम्ही काय सांगायचात? घरी येऊन कितीदा ऐकवलंय मला. कागदावर नाही ते मागायचं नाही."

"ते ऑफिस होतं!"

"ते ऑफिस होतं. आणि मी?"

त्याने कागद ताटातून उचलला. उत्तर तोंडाशी आलं होतं आणि ते बोलण्यासारखं नाही एवढं त्याला कसंबसं कळलं. बहिणीला तेवढंही कळलं नाही.

"वहिनी, हे काय वागणं झालं? उपाशी माणसांना? आम्ही पाहुणे ना तुमचे?"

"पाहुण्या कशाने? भाडं वाटून घेतलंत की. डब्यात तांदूळ आहेत, टोपलीत अंडी आहेत, शेगडी पुसून ठेवलीय. स्वयंपाकघरासह घर आहे."

"मला चक्कर येईल हं," नणंद भावाला म्हणाली.

यजमानांनी डोळे पूर्ण उघडले. "म्हणजे जेवण नाही?" त्यांनी विचारलं. या प्रवासात जेवणाच्या टेबलाशी मीठ नसलेलं त्यांचं हे पहिलंच वाक्य होतं.

मावशीने पायात चपला घातल्या. कोटेशन दारापर्यंत तिच्यामागे आला. त्याचा आवाज आता खाली आला होता, खाते उपप्रमुखांशी बोलायचा तसा. "हे बघ, लोकांसमोर शोभा करू नकोस. तू काय मागितलं होतंस, समुद्र ना? आणलं ना समुद्रावर? इतक्या कमीत कुणी आणलं असतं?"

"मी ताट मागितलं होतं," मावशी म्हणाली. "समुद्र नंतर."

ती पायऱ्या उतरली तेव्हा मागे भांडी पडल्याचा आवाज आला. अंडी कुठल्या भांड्यात उकडतात यावर भाऊ-बहिणीची बोलाचाली सुरू झाली होती. दोन पदवीधर आणि एक निवृत्त हिशेब तपासनीस, तिघांना मिळून चार अंडी उकडता येत नव्हती. मागच्या खोलीतून काठी वाजली. चहासाठी नव्हे, म्हातारी नुसतीच वाजवत होती.

धक्क्यापाशी बोटीवाल्यांच्या जेवणाची एक खानावळ होती. पत्र्याचं छप्पर, चार टेबलं, दाराशी पाण्याचं पिंप. जेवणाची वेळ टळत आली होती. दोन माणसं जेवून विड्या ओढत होती. मावशी आत गेली आणि कुठे बसावं ते तिला कळेना. खानावळीत ती आजवर कुणाचा तरी डबा भरून घ्यायलाच गेली होती, आणि तो उभ्यानेच घ्यायचा असतो. शेवटी कोपऱ्यातल्या टेबलाशी तिने खुर्ची ओढली.

खानावळवाला जाडजूड माणूस होता, पोटावर ओलं फडकं. "जेवणार?"

"हो."

"एकच ताट?"

"एकच."

ताट आलं. भात, मासळीचं कालवण, कांदा. पहिल्या घासालाच तिला सगळं कळलं. मसाला घाईत परतलाय, कांदा एका बाजूने करपलाय, मीठ आधी विसरून वरून घातलंय, भात तर सकाळचा. मेसमध्ये असं ताट गेलं असतं तर मुलींनी वाट्या आपटल्या असत्या. तिने खालमानेने सगळं खाल्लं. मासळीचा काटासुद्धा चोखून ठेवला. खाताना तिच्या लक्षात आलं की ताट गरम आहे. वाढणं, परत वाढणं, मग कुणाचं काय उरलं ते बघून घेणं, यात तिला आजवर जेवण गारच मिळत आलं होतं.

"आणखी वाढू?" खानावळवाल्याने विचारलं.

मावशीने मान वर केली. तो भाताचं पातेलं काखेत धरून उभा होता, डाव घेऊन. त्याला गिऱ्हाइकं आवरून झोपायचं असणार. चेहऱ्यावर काही माया वगैरे नव्हती. रोज शंभरदा विचारायचं तसं त्याने विचारलं होतं. हाच प्रश्न तिने स्वतः दिवसातून दोनशे ऐंशी वेळा विचारला होता, सत्तावीस वर्षं. तिला कुणी विचारल्याचं काही आठवेना. तिने ताट पुढे केलं.

दुसरा भातही तिने संपवला. मग सवयीने उठली, ताट-वाटी उचलली आणि मोरी कुठे आहे ते बघू लागली. खानावळवाला तरातरा आला आणि त्याने तिच्या हातातून ताट काढून घेतलं.

"राहू द्या, बाई. तुम्ही बसा."

"विसळून देते की. एकच तर आहे."

"बसा म्हटलं ना," तो वैतागून म्हणाला आणि ताट घेऊन आत गेला.

मावशी परत बसली. समोरचं टेबल रिकामं झालं. संध्याकाळी आजींचं ताट करायचं होतं, पण त्याला अजून पुष्कळ अवकाश होता. दारातून समुद्र दिसत होता, चांगला आडवा, सगळाच्या सगळा. तिने हात मांडीवर ठेवले, तिथे ते बरे वाटेनात. पदराखाली घेतले, मग काढले. टेबलावर सांडलेलं एक शीत पुसायला बोट पुढे गेलं आणि मध्येच थांबलं. शेवटी तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि ते तसेच राहू दिले.